लाँच लागली

सासरी माझी ओळख करून देताना माझं शिक्षण, शाळेतली नोकरी, हातची आमटी हे सगळं नंतर येतं. आधी येतं ते, "हिला गाडी लागते." भरे गावात हे माहीत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. लग्नाच्या दिवशी मी सासरच्या दारात जीपमधून उतरले ती तोंडावर रुमाल दाबूनच. उंबऱ्यावर माप मांडलं होतं, बायका ओवाळायला उभ्या होत्या, आणि मी पहिला प्रश्न विचारला तो मोरी कुठं आहे हा. माहेर माझं नेरे. नेऱ्याहून भऱ्याला पूर्वी लोक सायकलीवरून येत. तेवढ्यातही मला लागली.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक प्रवासाची मांडणी माझ्या पोटाभोवती झाली. खिडकी माझी, पुढची सीट माझी, आणि नवऱ्याच्या खिशात घडी घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्याही माझ्याच. सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसलं की गाडी लागत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानतात. मी आयुष्यात वाचलेल्या पेपरांपेक्षा ज्यांवर बसले ते पेपर जास्त भरतील. गुण कधी आला नाही, पण पेपर न घेता बसायची हिंमतही कधी झाली नाही.

आणि कुठलंही आमंत्रण आलं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. ताम्हिणी घाट उतरून कोकणात खाडीपलीकडच्या लग्नाला जायचं असो, कंपनीतल्या लोकांनी अलिबागची सहल काढलेली असो, हा मान हलवून म्हणायचा, "आमचं काय जमायचं न्हाई बुवा. हिला लागती." लोक हळहळायचे, माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालायची. वाटायचं, माझ्यापायी या माणसाला समुद्रसुद्धा धड बघायला मिळाला नाही. पिरंगुटच्या कंपनीत पाळ्या करायच्या, सुट्टीला भाताच्या खाचरात उतरायचं, मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंचे नळ दुरुस्त करायचे, हेच त्याचं जग झालं, आणि त्याबद्दल त्यानं मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. या गोष्टीचं मला फार अप्रूप होतं. माझ्या मैत्रिणींना मी ते सांगतही असे.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी लेक जेवायला आली. ती हिंजवडीत नोकरी करते, दोन मैत्रिणींबरोबर सूसला फ्लॅटमध्ये राहते आणि सुट्टीला गाडी काढून घरी येते. जेवताना तिनं मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर एक पांढरीशुभ्र बोट होती, आमच्या शाळेच्या इमारती एकावर एक रचल्या तर होईल एवढी उंच.

"मम्मी, इकडे बघ. मुंबई टू गोवा. क्रूझ. आपण चौघं."

चौथ्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं ऐकणं हल्ली कमी झालंय, पण हे त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

"मी येनार," त्या म्हणाल्या. "जेवान बोटीतच असतंय का?"

"हो आज्जी. हवं तेवढं खा, वेगळे पैसे नाहीत."

"मग चार दिस जास्तीच ऱ्हाऊ की."

नवऱ्यानं घास खाली ठेवला. "आगं पन हिला—"

"पप्पा, माहितीये मला. गोळ्या असतात त्याच्यासाठी." मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. कंपनी तिला उन्हाळ्यात जर्मनीला पाठवणार होती. परत कधी येईल हे तिलाही ठाऊक नव्हतं. "त्याच्या आधी एकदा आपण चौघं कुठंतरी जाऊ ना. आपण कधी गेलोच नाही गं. पुढच्या सोमवारपर्यंत सांग, मग मी कन्फर्म करते. तू येत नसशील तर मीही नाही जाणार. आणि हे इमोशनल ब्लॅकमेल नाहीये."

ते तेच होतं. भांडी घासताना मला रडू आलं, कारण ती म्हणाली ते खरं होतं. आम्ही कधी गेलोच नव्हतो.

मग तो आठवडा. मला वाटलं होतं की मळमळायला निदान गाडीत बसावं लागतं. तसं काही नसतं. मी चौथीला शिकवते. त्या आठवड्यात नेमका जलवाहतुकीचा धडा होता. फळ्यावर होडी काढली, तिच्याखाली लाटांच्या दोन रेघा ओढल्या आणि मलाच मळमळून आलं. खडू ठेवून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. घरी कुकरच्या शिट्ट्यांची मोजणी चुकायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. ओकण्याची भीती मला नव्हती, त्यात आता माझा हात कुणी धरणार नाही. भीती वेगळीच होती. पोरगी परदेशात एकटी बसून आपल्या घराची ही एकुलती एक सहल आठवेल, आणि तिला काय आठवेल तर आई बाथरूमच्या दाराशी बसलेली. हा विचार आला की मला कुठंतरी पळून जावंसं वाटे.

बातमी गावभर झाली तशी औषधं दारात येऊ लागली. कुणी आवळा सुपारी आणली, कुणी आलं, कुणी चिंचेची गोळी. उपाशी पोटी जायचं नाही असं एक जाऊ सांगून गेली, आणि पोटात काहीही ठेवायचं नाही असं दुसरी. मागच्या खोलीतला बिहारकडचा भाडेकरू संकोचत येऊन म्हणाला, "भाभीजी, लौंग चबाइए," आणि पाच-सहा लवंगा कागदात बांधून देऊन गेला. पिरंगुटच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "तुम्हाला निघायच्या आधीच लागते, बाई. एकदा पाण्यावर जाऊन तरी बघा."

हे मी घरी सांगितलं आणि आत्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर. अलीकडून पलीकडे लोकांना न्यायला लाँच चालते.

"मग ऐतवारी माज्या म्हायेराला जाऊ. लाँचीत बसून बग. न्हाई लागली तर समुद्रात बी न्हाई लागायची."

"कशाला लाँच?" नवरा म्हणाला. "कवा असती, कवा नसती. मी जीप बगतो."

इतकी वर्षं आम्ही आत्यांच्या माहेरी लाँचनं कधी गेलोच नव्हतो. हा मला मोटारसायकलवर मागं बसवून धरणाला भलामोठा वळसा घालून न्यायचा, अर्धा दिवस रस्त्यातच जायचा. "हिला लागती," हेच कारण. पण त्या दिवशी आत्यांनी हट्ट धरला आणि मीही धरला. सोमवार तोंडावर आला होता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं काठावर उभे होतो. मी गोळी घेतली होती, तोंडात लवंग होती, पिशवीत पेपर होता. आसपास पाच-पंचवीस माणसं, रेशनची पोती, एक शेळी. नवरा पाण्याकडे पाठ करून माझ्याकडे डोळ्यात तेल घालून बघत होता. इतक्यात मागून कुणीतरी ओरडलं, "लागली! लागली रे!"

लाँच काठाला लागली होती. पण हा गडी एकदम उडालाच. खिशातून पिशवी काढली, फटकन उघडली आणि माझ्या हनुवटीखाली धरली. "लागली? लागली व्हय? म्या म्हनलंच हुतं. चला, घरी चला. पोरीला कळवून टाकू, जमत न्हाई म्हनून."

"अहो, मी जिमिनीवर उभी हाय! मला काय लागतंय?"

लोक हसायला लागले. शेळीवाली बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "दादा, लाँच लागली वो. वैनीला न्हाई."

सगळ्यांबरोबर मीही हसले. पण पिशवीची घडी घालताना त्याचा चेहरा मी पाहिला. तो ओशाळला नव्हता, तो चक्क हिरमुसला होता. मला वाटलं, माझी काळजी.

लाँचमध्ये आत्या पुढं जाऊन बसल्या आणि शेळीवालीला माहेरची वंशावळ विचारायला लागल्या. आम्ही दोघं मधल्या फळीवर पेपर अंथरून बसलो. इंजिन धडधडलं, डिझेलचा वास आला, काठ सरकायला लागला. मी डोळे मिटून पोटाकडे लक्ष लावलं. आता उठेल, मग उठेल. एवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी आवळलं. नवऱ्याचा हात होता. चारचौघांत त्यानं माझा हात कधी धरल्याचं मला आठवत नाही. मला जरा बरंच वाटलं. मग तो हात आणखी आवळला आणि माझी एक बांगडी पिचली.

मी डोळे उघडले. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, आणि नजर समोरच्या पोत्यावर अशी रोवलेली, जणू त्या पोत्यावरचं अक्षरन्अक्षर तो पाठ करतोय.

"काय होतंय?"

"काय न्हाई."

"मळमळतंय का?"

"न्हाई म्हनलं ना."

लाँच जरा कलली तसा त्यानं दुसऱ्या हातानं फळी धरली. मी काय बोलावं या विचारात होते, तोच आत्या पुढूनच, मान न वळवता म्हणाल्या, "त्येला आतच बगू दे. पान्याकडं बगू देऊ नगंस."

मग पलीकडचा काठ येईपर्यंत मी त्याच्याशी काहीबाही बोलत राहिले. कंपनीतलं, भाताचं, भाडेकरूच्या नळाचं. माझ्या पोटाची मला आठवणच राहिली नाही. उतरल्यावर लक्षात आलं की मला लागली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी मोटारसायकल सोडून दुसऱ्या कुठल्या वाहनातून सरळ चालत उतरले होते आणि त्याचा आनंद करायला मला फुरसत नव्हती.

तो काठावरच्या जांभळीखाली मटकन बसला. आत्या पुढं निघाल्या. मी त्याला पाणी दिलं. बराच वेळ त्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, लावलं.

"मला पवता येत न्हाई," तो म्हणाला.

आमच्या भागात हे किती मोठं वाक्य आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथं नदी, ओढे, विहिरी, धरण. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतात आणि विहिरीत ढकलून देतात, एवढंच शिक्षण. त्याच्याही पाठीला बांधला होता. त्याचा डबा सुटला. चुलत्यानं केसाला धरून वर काढलं. त्यानंतर सगळी पोरं पोहायची आणि हा काठावर बसून त्यांचे कपडे राखायचा. मोठेपणी कपडे राखायलाही जाईना. पाण्याशी जाण्याची वेळ आली की काहीतरी कारण काढायचा. आणि मग त्याचं माझ्याशी लग्न झालं.

मी ऐकून घेतलं. मला त्याची दया यायला हवी होती. पण आधी आला तो संताप.

"म्हंजी अलिबागची सहल?"

त्यानं झाकण काढलं.

"कोकणातलं लगीन?"

त्यानं झाकण लावलं.

"आन् इतकी वर्सं मोटरसायकलीवर बसवून ह्यो वळसा घातला, त्यो माज्यापायी?"

"त्यात तुला बी लागती म्हनून—"

"मग अलिबागला बी मोटरसायकलीवर न्यायचं! ती मला कवा लागली वो? येकदा तरी लागली का?"

मोटारसायकल मला कधीच लागली नाही, तिच्यावर सगळीकडून वारा येतो. "माज्या वकाऱ्यांवर संसार केला तुमी!" मी ओरडले. वरच्या वाटेनं जाणारी दोन माणसं थबकून बघायला लागली. सगळ्या पंचक्रोशीत मी नाजूक ठरले, सगळ्यांची हळहळ मी झेलली, आणि हा माझ्या पदराआड बिनघोर उभा. मी त्याला तिथंच सोडून तरातरा आत्यांच्या माहेरी, त्यांच्या भावाच्या घरी गेले.

आत्या ओसरीवर पाय पसरून चहा पीत होत्या. मी विचारलं, "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"आईला म्हाईत नसंल व्हय? त्येनं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुला गाडी लागती हे त्येच्या लई पथ्यावर पडलं बग. पन येक सांगू? घरात आल्यापास्नं तुझ्या खोड्या त्येनं कदी काडल्या न्हाईत. बाकीच्यांनी काडल्या, म्या बी काडल्या. त्येनं पिशव्या धरल्या."

राग उतरायला मला वेळ लागतो, आणि तो उतरत असताना कुणी बघितलेलं आवडत नाही. मी आत जाऊन भाकऱ्या थापायला बसले. पहिल्या दोन जाड झाल्या. तिसरीच्या वेळी मला तो काठावर पोरांच्या चड्ड्या सांभाळत बसलेला दिसायला लागला, आठ-नऊ वर्षांचा, आणि मग मात्र काही इलाज राहिला नाही. इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपले, आणि हे मला माहीत नव्हतं. माझी भीती सगळ्या गावानं वाटून घेतली होती. त्याची त्यानं एकट्यानं सांभाळली होती.

जेवण झालं. परतीच्या लाँचची वेळ झाली तसे आम्ही काठाकडे निघालो. वाटेत तो हळूच म्हणाला, "तुमी दोघी लाँचीनं जावा. वर दुधाची जीप सुटती, मी तिच्यातनं येतो मागनं." मी हं म्हटलं. आत्या लाँचमध्ये चढल्या, पुढची जागा पकडली. मी फळीवर पाय ठेवला आणि मागं बघितलं. तो वाटेवर उभा होता, पिशवी असलेल्या खिशावर हात ठेवून. मला म्हणाला, "जा, जा. तुला आता जमतंय."

मी पाय काढून घेतला. "आत्या, मी जीपनं येते."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकाकडे. "या कसं बी," त्या म्हणाल्या. "मी तर लाँचीनंच जानार."

दुधाची जीप म्हणजे काय ते सांगायला हवं. ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली, मागं आंबूस वासाचे दुधाचे कॅन, आणि त्यांच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो आम्ही. सकाळच्या गोळीचा अंमल केव्हाच उतरला होता. पेपर लाँचमध्येच राहिला होता. पहिल्या वळणाला मी लवंग चावली, दुसऱ्याला डोळे मिटले, आणि तिसऱ्याला नवऱ्यानं ड्रायव्हरला हाक मारून गाडी थांबवली.

मी कठड्याला धरून वाकले. त्यानं सवयीनं एक हात माझ्या कपाळाला लावला, दुसऱ्यानं पाठ चोळली. असं होऊन दोनदा गाडीत बसलो आणि दोनदा उतरलो. दुसऱ्यांदा मी कठड्याजवळच्या दगडावर बसले. खाली सगळं धरण पसरलं होतं आणि मधोमध लाँच पलीकडे चालली होती. त्यानं बाटलीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं.

"लाँचीत तुला काय बी झालं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"मग हितं कशाला आलीस मरायला?"

"तुमी येकटे आला असता ना."

माझ्या ओल्या हातावरची पिचलेली बांगडी त्यानं बोटानं फिरवली, टोक टोचणार नाही अशी आत वळवली. मग वळला आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यानं पाण्याकडे बघितलं, लाँच काठाला पोचेपर्यंत बघत राहिला.

"पोरीला फोन कर," तो म्हणाला. "येतोय म्हनावं. चौघं बी."

"तुमास्नी भ्या वाटंल."

"वाटंल की. लई वाटंल." त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "तिला बी सांगनार हाय मी, माजं मी. पन तितं तू मला धरून बसशील न्हवं?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुन्हा उमळून आलं, आणि त्यानं माझं कपाळ धरलं.